बसून दाखवण्याचा दिवस

कला माणसाला माणसाच्या जवळ आणते. विद्यापीठाच्या प्रयोगकला केंद्राच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य दगडात कोरलेलं आहे, आणि आत शिरल्यावर त्याची प्रचीती लगेच येते, कारण सभागृहात दोन खुर्च्यांच्या मध्ये हात टेकायला दांडी एकच आहे. ती दांडी कोणाची, यावरून तिथे जेवढी धुसफूस झाली असेल तेवढी रंगमंचावरच्या कुठल्याही नाटकात झालेली नाही.

या केंद्राचा दरवर्षी एक हंगाम असतो. थोडं संगीत, थोडं नृत्य, थोडं नाटक, आणि एखादा असा प्रकार, की जो नेमका कशात मोडतो हे तो संपल्यावरही कळत नाही. सभासदांच्या खुर्च्या ठरलेल्या. एकदा खुर्ची मिळाली की ती आपली. पूर्वी यात एक घोटाळा झाला होता. एक वयस्कर प्राध्यापक वारले, पण पुढची कित्येक वर्षं त्यांची खुर्ची चालूच राहिली. त्यांचा पुतण्या गुपचूप येऊन त्यांच्या जागी बसायचा. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्राध्यापकसुद्धा हयात असताना तितकेच निश्चल बसत.

तेव्हापासून केंद्राने खुर्चीहजेरी सुरू केली. सभासदांच्या भाषेत 'बसून दाखवणे'. नवा हंगाम जाहीर होतो त्या रविवारी दुपारी प्रत्येकाने स्वतः यायचं आणि आपल्या खुर्चीवर बसून राहायचं. प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या टॉर्च मावशी रांगेरांगेने फिरतात, तोंडावर उजेड पाडतात, माणूस तोच आहे आणि जिवंत आहे एवढं बघतात आणि नकाशावर खूण करतात. जोडीची खुर्ची असेल तर जोडीने बसायचं, एकाच वेळी. एक जण नसला तर दोन्ही खुर्च्या गेल्या. अर्धी जोडी नावाचा प्रकार केंद्राच्या नियमात नाही. तेवढा वेळ सभासदांना कंटाळा येऊ नये म्हणून संचालक रंगमंचावरून येणाऱ्या हंगामाची माहिती सांगतात. त्यामुळे कंटाळा येतो.

त्या रविवारी चष्मेवाला सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

त्याचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं. रविवारी सकाळी ते उघडं असतं, पण आज त्याने ते उघडलंच नव्हतं. शर्टाला इस्त्री केली होती, ती बसल्यावर मोडू नये म्हणून तो पाठ न टेकता बसला होता. त्याच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. ती भूगोलाच्या बाईंची.

भूगोलाच्या बाई म्हणजे त्याची बायको. म्हणजे होती. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. कारण विचारलं तर दोघंही "तसं काही नाही" म्हणायचे, आणि ते खरंच होतं. भांडण नाही, मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. घरात फक्त शांतता होती आणि ती दिवसेंदिवस वाढत गेली. "तुम्ही घरी आहात की दुकानात, हे मला चपला बघून कळतं," असं बाई एकदा म्हणाल्या होत्या. त्यावर काय उत्तर द्यावं याचा चष्मेवाल्याने मनापासून विचार केला. विचार पूर्ण होईपर्यंत वकील आले होते.

वाटण्या रीतसर झाल्या. फ्रिज बाईंकडे गेला, कपाट ह्याच्याकडे. मिक्सर त्यांनी नेला, त्याची भांडी चुकून इथे राहिली. ती मागायला त्या आल्या नाहीत आणि द्यायला हा गेला नाही, त्यामुळे दोन्ही घरांत चटणी बंद झाली. मुलगा मोठा होता, परगावी नोकरीला होता, तो कोणाच्याच वाट्याला आला नाही. राहता राहिली केंद्रातली जोडीची खुर्ची. ती काही तोडता येईना. एकाने सोडली तर दोघांची जाणार. दोन्ही वकिलांनी नियम वाचला, मान हलवली आणि तो विषय तसाच ठेवून दिला.

म्हणून घटस्फोटानंतरही दोघं शेजारी शेजारी बसून कार्यक्रम बघत आले होते. वर्षातून सहा-सात संध्याकाळी. "अरे, तू घटस्फोट घेतलास की रजा?" असं त्याची ताई फोनवर विचारायची. तो म्हणायचा, "खुर्ची चांगली आहे गं." ताई म्हणायची, "मग खुर्चीशीच लग्न करायचं होतंस, ती तरी तुझ्याइतकीच बोलते."

ताईला कळत नव्हतं ते असं, की सभागृह ही जगातली एकच जागा होती जिथे चष्मेवाल्याचं न बोलणं हा गुण ठरत होता. दिवे गेले की सगळ्यांनीच गप्प बसायचं असतं. तिथे बाईंच्या शेजारी दोन-अडीच तास अंधारात गप्प बसताना त्याला आपण अगदी योग्य नवरा आहोत असं वाटायचं. दांडी त्याने पहिल्यापासून त्यांनाच सोडली होती. मध्यंतरात तो धावत जाऊन दोघांची कॉफी आणायचा, बाईंची बिनसाखरेची. मुलाची खबर मिळायची. "बरा आहे, केस गेले." मग दिवे जायचे. वर्षभर तो ह्या संध्याकाळींच्या मध्ये दुकान चालवायचा.

संबोधनाची तेवढी पंचाईत होती. तो सवयीने "अगं" म्हणायचा. बाईंना मात्र आता "अहो" म्हणणं बरं दिसेना आणि नावाने हाक मारायची सवय नव्हती. मग त्यांनी मधला मार्ग काढला. बोलायचं असलं की आधी खोकायचं. केंद्रात त्यांच्या खोकल्याबद्दल दोघातिघांनी चौकशीही केली होती.

मागच्या हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर जिना उतरताना तो म्हणाला होता, "मग, हजेरीला भेटू." बाई म्हणाल्या होत्या, "बघू."

त्या 'बघू'वर त्याने तेव्हापासून बरंच काम केलं होतं. 'बघू' म्हणजे 'हो, पण आत्ताच कशाला' असू शकतं. 'बघू' म्हणजे 'नाही' सुद्धा असतं. त्याचं गिऱ्हाईक महागाची फ्रेम परत ठेवताना हेच म्हणतं. पण 'बघू' म्हणजे नुसतं 'बघू'सुद्धा असू शकतं, आणि बाई भूगोलाच्या असल्यामुळे शब्द नेमका वापरायच्या. त्याने काल फोन केला होता, तो लागला नाही. आज सकाळीही बंद होता.

आज त्या आल्या नाहीत तर खुर्च्या जाणार होत्या. खुर्च्या गेल्या तर बाईंना भेटायला त्याच्याकडे जगात दुसरं काही निमित्त नव्हतं. मिक्सरची भांडी सोडून. पण इतक्या वर्षांनी भांडी घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे माणूस वेडा ठरतो.

"एकटेच का?" मागच्या रांगेतून दंतवैद्यीण बाई पुढे वाकल्या. त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान झोपले होते. ते प्रत्येक कार्यक्रमात झोपत आणि शेवटी सर्वांत आधी उभे राहून टाळ्या वाजवत.

"येतेय ती," चष्मेवाला म्हणाला.

"रिक्षा मिळाली नसेल."

"नसेल."

"की बरं नाहीये?"

"नाही नाही. बरी असते ती."

"आमचे हे बघा. यांना नुसतं आणून ठेवायचं असतं. मावशींना विचारलं मी, झोपलेलं चालतं का. म्हणाल्या, श्वास चालू असला की चालतं."

समोर संचालक माइकजवळ आले. त्यांना बोलताना डोळे मिटायची सवय होती, त्यामुळे समोरचे किती जण उठून गेले हे त्यांना कधी कळत नसे आणि त्यांचा आत्मविश्वास टिकून होता.

"येता हंगाम," ते म्हणाले, "हा प्रश्न विचारणारा हंगाम आहे."

"उत्तर कधी देणार?" दंतवैद्यीण बाई पुटपुटल्या.

उद्घाटनाला तंतुवाद्यांची एक नामवंत चौकडी येणार होती. चौघांपैकी दोघं सध्या एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वादनात एक विलक्षण ताण आला आहे, असं संचालकांनी कौतुकाने सांगितलं. चष्मेवाल्याने मान डोलावली. त्याला हा कार्यक्रम आवडण्यासारखा वाटला.

टॉर्च मावशी पहिल्या रांगेत शिरल्या. उजेड एकेका चेहऱ्यावर पडत होता आणि चेहरे आपोआप हसत होते.

"त्यानंतर नृत्य. विषय आहे अभाव. यात पूर्वार्धात नर्तक रंगमंचावर येतच नाहीत. त्यांच्या नसण्यातूनच ते व्यक्त होतात."

"मग आपणही पूर्वार्धात घरीच व्यक्त होऊ," दंतवैद्यीण बाई म्हणाल्या. "चष्मेवाले, फोन करा ना त्यांना."

"केला. बंद आहे. दारात पाटी आहे ना, फोन बंद ठेवा म्हणून. ती पाट्या पाळते."

"अहो, पण दारापर्यंत आल्यावर पाळायची ना पाटी! कालपासून कोण पाळतं?"

मावशी दोन रांगा पुढे आल्या होत्या. चष्मेवाल्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. दारातून एक जोडपं धापा टाकत आलं, एक म्हातारी काठी टेकत आली. बाई नाही आल्या. त्याने शेजारच्या खुर्चीची बैठक खाली दाबून धरली. ह्या खुर्च्यांची बैठक सोडली की वर जाऊन मिटते, आणि मिटलेली खुर्ची फार रिकामी दिसते.

"मग अकरा पात्रांचं एक गाजलेलं नाटक," संचालक डोळे मिटून म्हणाले. "यंदा ते एकच नट सादर करणार आहे. ही कलात्मक निवड आहे. अनुदानाशी तिचा संबंध जोडू नये."

मावशी आल्या. उजेड चष्मेवाल्याच्या तोंडावर पडला, मग शेजारच्या खुर्चीवर, मग खुर्ची दाबून धरलेल्या त्याच्या हातावर.

"वहिनी कुठायत?"

"येतेय."

"येतेय म्हणजे बाथरूमला की घरून?"

"मावशी, पाच मिनिटं."

मावशींनी सुस्कारा टाकला. त्या सकाळपासून उभ्या होत्या आणि त्यांचा चहा राहिला होता. "मी मागच्या दोन रांगा करून येते. मग मात्र नाही हं भाऊ. मागच्या वर्षी एकांनी बायकोच्या जागी मेहुणी बसवली होती, मला बोलणी खावी लागली."

त्या मागे गेल्या. दंतवैद्यीण बाईंनी लगेच कुजबुजत सुचवलं, "माझी खूण झाली की मी येऊन बसू का बाजूला? अंधार आहे. पदर घेते डोक्यावरून."

"नको," चष्मेवाला म्हणाला. नंतर त्याने क्षणभर विचार केला आणि पुन्हा म्हणाला, "नको."

इतक्यात संचालकांनी डोळे उघडले. "आणि आता आपण बाल्कनीतल्या नव्या सभासदांचं स्वागत करू या! कित्येक वर्षं ज्यांनी धीर धरला, त्यांच्यासाठी टाळ्या!"

बाल्कनीत दिवे लागले. खालच्यांनी माना वर करून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या आवाजाने दंतवैद्यिणीचे यजमान जागे झाले आणि सवयीने उभे राहिले. उभे असल्यामुळे त्यांना वरचं नीट दिसलं.

"अरे, तुमच्या मिसेस वर बसल्यात की," ते म्हणाले.

बाल्कनीच्या पहिल्या रांगेत, एका टोकाला, भूगोलाच्या बाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

चष्मेवाल्याला इतकं हायसं वाटलं की आधी त्याला हसूच आलं. बाई चुकल्या होत्या. आयुष्यभर पोरांना नकाशे शिकवले आणि खुर्ची चुकल्या. नवा दरवान असेल, त्याने वर पाठवलं असेल. मावशी अजून मागच्या रांगेत होत्या. वेळ होता. तो उठला, लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर पडला आणि जिना चढायला लागला. त्याच्या पाठीमागे दोन्ही खुर्च्या खटखट मिटल्या.

वर पोचेपर्यंत इस्त्री मोडली होती. बाईंच्या रांगेजवळ तो वाकून कुजबुजला, "अगं, इथे काय? आपली रांग खाली आहे. चल लवकर, मावशी येतायत."

बाई खोकल्या. "माझी इथेच आहे."

"इथे कशी असेल?"

"एकेरी खुर्ची आहे ही. नाव देऊन ठेवलं होतं. या वर्षी नंबर लागला."

"कधी दिलं होतंस नाव?"

"तेव्हाच."

तेव्हा म्हणजे कधी, हे त्याने विचारलं नाही. त्यांच्यात 'तेव्हा' एकच होतं.

"एवढी वर्षं?" तो म्हणाला.

"एकेरीला वेळ लागतो. सगळ्यांना एकेरीच हवी असते."

संचालक खाली विद्यार्थ्यांच्या गायनवृंदाबद्दल बोलत होते. चष्मेवाला रांगेच्या टोकाला अर्धवट वाकून उभा होता. धड बसलेला नाही, धड उभा नाही.

"सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"सांगणार होते. प्रत्येक वेळी मध्यंतरात सांगू म्हटलं. तुम्ही कॉफी आणायला पळायचात. याल तेव्हा घंटा व्हायची."

"तुला आवडते म्हणून आणायचो."

"मी कॉफी सोडून चार वर्षं झाली. डॉक्टरांनी बंद केली."

"मग प्यायचीस ती?"

"तुम्ही धावत आणायचात," बाई म्हणाल्या. "टाकून कशी देणार?"

मग त्याने जो प्रश्न विचारायला नको होता तो विचारला, कारण एवढे जिने चढून आल्यावर माणूस काहीतरी विचारतोच. "मग इतकी वर्षं माझ्या शेजारी कशाला बसत होतीस?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. वर्गात एखाद्या पोराने नदी उलटी वाहवली की त्या असंच बघायच्या.

"कार्यक्रम बघायला," त्या म्हणाल्या. "खाली तीच जागा होती ना आपली."

चष्मेवाल्याने मान डोलावली. उत्तर बरोबर होतं. त्याने रंगमंचाकडे पाहिलं. सगळं नीट दिसत होतं. संचालकांच्या डोक्यावरचं टक्कलसुद्धा.

"इथून छान दिसतं," तो म्हणाला.

"हो. आणि मान दुखत नाही."

मग त्याचं लक्ष खाली गेलं. टॉर्च मावशी त्यांच्या रांगेत परत आल्या होत्या. उजेडाचा गोल दोन मिटलेल्या खुर्च्यांवर पडला होता. दंतवैद्यीण बाई हातवारे करून वर बोट दाखवत होत्या. मावशी मान हलवत होत्या.

"मी आहे!" चष्मेवाला ओरडला.

तो इतक्या मोठ्याने आयुष्यात कधी बोलला नव्हता. घरी तर नाहीच. "मावशी, मी आहे! मी इथे आहे!"

संचालकांनी डोळे उघडले, वर पाहिलं आणि भारावून माइकमध्ये म्हणाले, "बघा! हाच तो प्रश्न! मी आहे का? मी कुठे आहे? अशा रसिकांमुळेच आपला हंगाम जिवंत असतो!" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दंतवैद्यिणीचे यजमान पुन्हा उभे राहिले.

"अहो, काय ओरडताय, बसा ना खाली!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याची बाही ओढली.

मग त्या बराच वेळ खोकल्या.

बसायला तिथे जागा नव्हती. शेजारच्या एकेरी खुर्चीवर एक पोक्त गृहस्थ बसले होते. त्यांनीही बरीच वर्षं धीर धरला होता आणि ते आता खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

चष्मेवाला जिना उतरून खाली आला. मावशी दाराशी चहा पीत होत्या.

"भाऊ, बसून दाखवायचं असतं," त्या म्हणाल्या. "ओरडून नाही."

"बसलो असतो तरी?"

"तरी नाहीच म्हणा. वहिनींचं नाव वरच्या नकाशावर आलंय, आत्ताच बघितलं मी, मग खालचं जोडीचं राहत नाही. तुम्हाला तरी माहीत असायला हवं होतं. नवरा-बायकोत एवढं तरी बोलणं होत असेल ना."

"होतं," चष्मेवाला म्हणाला. "मध्यंतरात."

मावशींनी त्याला आपल्यातला अर्धा चहा थर्मासच्या झाकणात ओतून दिला. चष्मेवाला तो उभ्याउभ्या प्यायला. आतून संचालकांचा आवाज येत होता. हंगामाच्या अखेरीस एक असा प्रयोग होणार होता, की ज्यात प्रेक्षकांना रंगमंचावर बसवणार आणि नट खाली खुर्च्यांवर बसून त्यांच्याकडे बघणार. सगळे सभासद हसले. बाईही हसल्या असतील, पण भिंतीपलीकडून तेवढं ओळखू येत नाही.

ताईला त्याने दोन दिवसांनी फोनवर सांगितलं. ती नेहमीसारखं काहीतरी लावून बोलेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसतं "जेवलास का?" म्हणाली, आणि त्यामुळे त्याला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

चौकडीच्या वादनाच्या दिवशी त्याने संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. जायचं असं ठरवलं नव्हतं, पण शर्टाला इस्त्री झालेली होती. केंद्राच्या तिकीटखिडकीपाशी तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिला. सभासदाला तिकीट काढावं लागत नाही.

"एक मिळेल का?" त्याने आत बसलेल्या मुलीला विचारलं. "कुठेही चालेल. अगदी कोपऱ्यात असलं तरी."

मुलगी मोबाइलमधून वर बघत म्हणाली, "कोपऱ्यात कशाला काका? हवं तिथे बसा. सभासद खुर्च्या अडवून ठेवतात, येत कोणीच नाही."

तो मधल्या एका रांगेत जाऊन बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या मोकळ्या होत्या. दिवे जायच्या आधी त्याने एकदा मान वळवून वर पाहिलं. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत ते पोक्त गृहस्थ नव्हते, त्यांच्या पलीकडचे कोणी नव्हते आणि टोकाची खुर्चीही मिटलेली होती. भूगोलाच्या बाई त्या संध्याकाळी आल्या नव्हत्या.